कणबर्गीचा प्लॉट, अनगोळचं घर: एका अदलाबदलीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी मामांचा फोन आला. "अरे, आपला कणबर्गीचा प्लॉट आहे की, त्याच्या बदल्यात अनगोळात घर मिळूलाय. वर थोडे पैसे घालायचे, बाकी मधी व्यवहार नाही, टॅक्स नाही. तू तेवढं कागद बघ."

कणबर्गी, अनगोळ, उद्यमबाग, शहापूर हे सगळे बेळगावचेच भाग. मामा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत चौतीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजी. शहापुरात राहतं घर आणि हा एक प्लॉट, एवढीच आयुष्याची कमाई. मी वीस वर्षं एका सोसायटीच्या कर्ज विभागात लोकांचे उतारे, खाते (महापालिकेतली मालमत्तेची नोंद) आणि ईसी (मालमत्तेचे नोंदवलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) तपासत आलोय. परक्याचा कागद तपासणं सोपं असतं. घरचा कागद आला की समोरचा माणूस 'ओळखीचा' निघतो आणि तपासाला सगळे संशय म्हणायला लागतात. इथेही तसंच झालं. प्लॉट मागणारे गृहस्थ मामांच्या भजनी मंडळातले.

मामांच्या परवानगीने हे लिहितोय. नावं आणि सर्व्हे नंबर गाळलेत, रकमा सोयीच्या आकड्यांत आणल्यात. लिहावंसं वाटलं, कारण त्यानंतर बेळगावातल्या चार-पाच जणांनी मला तोच प्रश्न त्याच खात्रीने विचारला: अदलाबदल केली की टॅक्स नसतो ना?

दोन मालमत्ता

मामांचा प्लॉट तीस बाय चाळीसचा, म्हणजे बाराशे चौरस फूट. बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी असलेल्या खाजगी लेआऊटमधला. फेब्रुवारी २००८ मध्ये स्टॅम्प आणि नोंदणीसकट ६ लाख ४५ हजारांना पडलेला. सतरा वर्षांत त्यातून एक रुपया आला नाही. दर पावसाळ्यानंतर गवत काढायची मजुरी आणि महापालिकेचा कर, दोन्ही खिशातून. आजचा बाजारभाव ३६ लाख, सरकारी गायडन्स व्हॅल्यू (स्टॅम्पसाठी धरली जाणारी किमान किंमत) ३१ लाख.

समोरचं घर अनगोळात, उद्यमबागेच्या अंगाला. खाली दोन, वर दोन अशी खोली-किचनची चार बिऱ्हाडं. २००३ सालचं बांधकाम. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आणि कारखान्यातले कामगार यांच्यामुळे त्या भागात खोली फार दिवस रिकामी राहत नाही. मालकांनी किंमत ४४ लाख सांगितलेली आणि महिन्याला अठरा हजार भाडं. त्यांना कणबर्गीला स्वतःसाठी नवं घर बांधायचं होतं. मामांना महिन्याला हातात येणारं काहीतरी हवं होतं. दोघांची गरज खरी होती, म्हणून मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं नाही.

त्याआधी मामांकडे दोन प्रस्ताव येऊन गेले होते. एक एजंट चंदगडकडची वीस गुंठे शेतजमीन दाखवत होता. "आता कोणीही शेती घेऊ शकतो" हे त्याचं पालुपद. ते खरं आहे, पण कर्नाटकात. २०२० मध्ये कर्नाटकाने आपल्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९-ए आणि ७९-बी ही कलमं काढून टाकली आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. चंदगड महाराष्ट्रात. तिथे कुळकायद्याचं कलम ६३ अजून उभं आहे आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे गेलं की बोली तीच राहते, कायदा बदलतो. मामांच्या नावावर आयुष्यात कधी शेती नव्हती, तो विषय तिथेच संपला. दुसरा प्रस्ताव बाजारपेठेतल्या एका गाळ्याचा. त्याचं काय झालं असतं ते टॅक्सच्या हिशेबात येईल.

'टॅक्स नाही' हे कुठून आलं

माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने मामांना सांगितलं होतं की गुंतवणुकीची मालमत्ता दुसऱ्या मालमत्तेशी बदलली तर टॅक्स भरावा लागत नाही. तो खोटं बोलत नव्हता. तिथल्या करकायद्यात १०३१ नंबरचं कलम आहे. धंद्यासाठी किंवा गुंतवणूक म्हणून ठेवलेली स्थावर मालमत्ता विकून तशीच दुसरी घेतली तर नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो. जुनी दिल्यापासून पंचेचाळीस दिवसांत नवी ठरवायची आणि एकशे ऐंशी दिवसांत व्यवहार पुरा करायचा. तिथेही कर माफ होत नाही, लांबतो. मुलाने त्याला ठाऊक होतं ते सांगितलं आणि वडिलांनी ते बेळगावला लावलं.

आपल्या आयकर कायद्यात मालमत्तेच्या 'हस्तांतरणा'ची व्याख्या आहे आणि त्यात विक्रीच्या शेजारीच अदलाबदल हा शब्द बसलेला आहे. हातात नोटा आल्या नाहीत तरी प्लॉट गेला आणि त्याच्या मोलाचं घर आलं, म्हणजे प्लॉट विकलाच. नफा मोजायचा आणि कर भरायचा. १०३१ सारखी सवलत आपल्याकडे नाही.

हिशेब केला. अनगोळच्या घराची किंमत शेवटी ४२ लाखांवर आली (ती का उतरली ते पुढे). मामांनी वरचा फरक ६ लाख द्यायचा, म्हणजे प्लॉटचे ३६ लाख धरले गेले. रहिवासी व्यक्तीने २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला किंवा इमारतीला दोन पद्धतींनी कर मोजता येतो. पहिली, महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के. ३६ लाखांतून ६ लाख ४५ हजार वजा, नफा २९ लाख ५५ हजार, त्यावर कर आणि चार टक्के सेस मिळून ३ लाख ८४ हजार १५० रुपये. दुसरी, निर्देशांक लावून वीस टक्के. २००७-०८ चा निर्देशांक १२९ आणि २०२५-२६ चा ३७६. त्या प्रमाणात ६ लाख ४५ हजारांची खरेदी १८ लाख ८० हजार होते, नफा १७ लाख २० हजार उरतो आणि कर सेससकट ३ लाख ५७ हजार ७६०. मामांसाठी दुसरी पद्धत सव्वीस हजारांनी स्वस्त. दोन्ही करून बघितल्याशिवाय कुणी सही करू नये, कारण खरेदीचं साल आणि त्यावेळची किंमत बदलली की उत्तरही बदलतं.

मामांनी कागदावरचा आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "म्हणजे साडेतीन लाख बसले."

बसले नाहीत, कारण बदल्यात मिळणारं होतं ते राहण्यासाठीचं घर. प्लॉटसारखी मालमत्ता दीर्घ मुदतीनंतर देऊन तिची पूर्ण रक्कम राहण्यासाठीच्या घरात घातली तर कलम ५४-एफ खाली नफा करमुक्त होतो. ते घर भाड्याने दिलं तरी चालतं. पण 'अदलाबदलीत मिळालेलं' घर 'खरेदी केलेलं' म्हणायचं का? १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच सवलतीच्या एका खटल्यात सांगितलं आहे की खरेदीची किंमत वस्तूच्या रूपातही चुकवता येते. तिथे भावांनी मोबदला घेऊन आपला हक्क सोडला होता आणि न्यायालयाने ती खरेदीच मानली. सीएंनी तो निकाल फायलीत लावून ठेवला. मामांनी कणबर्गीच्या बदल्यात दुसरा प्लॉट किंवा तो गाळा घेतला असता, तर मात्र साडेतीन लाखांवर रुपये भरावेच लागले असते आणि अदलाबदल या शब्दाने त्यातला एक पैसा कमी झाला नसता.

कलमांचे हे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत. मामांचा व्यवहार ऑगस्ट २०२५ चा, तो जुन्याच कायद्यात बसतो. पुढे करणाऱ्यांनी आकडा न शोधता विषयाने शोधावं.

मामांचंच दुसरं घर

५४-एफ ला एक अट आहे. प्लॉट देण्याच्या दिवशी, नवं घर सोडून, तुमच्या मालकीचं एकापेक्षा जास्त घर असता कामा नये. मामा म्हणाले, "माझं शहापूरचं एकच की." मी म्हटलं, "आणि खानापूरचं?"

खानापूर तालुक्यातलं आजोबांचं घर. तिथे धाकटे मामा राहतात. मोठ्या मामांनी कधी त्यावर हक्क सांगितला नाही, पण सोडलाही नव्हता. सामायिक मालकीचा असा हिस्सा घर म्हणून मोजायचा की नाही यावर न्यायालयांचे निकाल एका दिशेचे नाहीत. साडेतीन लाखांसाठी मामांना त्या वादात ढकलायला मी तयार नव्हतो. ते घर धाकट्या मामांनाच द्यायचं हे पूर्वीच ठरलेलं होतं, फक्त कागद झाला नव्हता. तो अदलाबदलीच्या आधी करायचं ठरलं.

आणि मग मामांनी मला गप्प केलं. मी तोवर समोरच्या मालकांच्या बहिणीबद्दल (ते प्रकरण तोपर्यंत उघडं पडलं होतं, पुढे सांगतो) बरंच बोलून झालो होतो. मामा म्हणाले, "त्यांच्या बहिणीचं म्हणूलास, तुझ्या आईचं काय? ती पण बहीणच की माझी."

वीस वर्षं दुसऱ्यांच्या वारसनोंदी तपासणाऱ्या मला स्वतःच्या आईचा हिस्सा दिसला नव्हता. आजोबांच्या घरात तिचा वाटा भावांइतकाच. तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "सही करते, पण माहेरची वाट तेवढी मोडू नका." जून २०२५ मध्ये आई आणि मोठे मामा दोघांनी धाकट्या मामांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं. त्या घराचा मूळ कागद मोडीत होता. चतुःसीमा जुळवण्यासाठी मोडी वाचणारा शोधावा लागला, त्यात आठवडा गेला. खानापूर-बेळगाव भागात ज्यांच्या पेटीत असे कागद आहेत त्यांनी ते वेळीच वाचून, देवनागरीत उतरवून ठेवावेत. वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत.

निपाणीचा फोन

आता ते बहिणीचं. खात्यावर मालकांचं एकट्याचं नाव. ईसी स्वच्छ, कर्जाचा बोजा नाही. भजनी मंडळातल्या माणसाकडे आणखी काय बघायचं, असं मामींचं मत होतं. पण खाता म्हणजे मालकी नव्हे, महापालिका घरपट्टी कुणाकडून घेते त्याची ती नोंद. आणि ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात. कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, कुणाचा वारसा त्यात दिसत नाही.

जागा मालकांच्या वडिलांनी १९९६ मध्ये घेतलेली, घर त्यांनीच बांधलेलं. वडील २०११ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. आई आधीच गेलेली. मुलाने वारसा लावून खाता आपल्या नावावर करून घेतला. वारसाच्या अर्जात बहीण होती का, या माझ्या प्रश्नावर उत्तर आलं, "तिचं लग्न १९९२ ला झालं. ९४ च्या कायद्यात नाही बसत ती."

हा गैरसमज आपल्या भागात खोल रुजलेला आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच आहे हे पक्कं केलं. पण इथे यातल्या कशाचीच गरज नव्हती. घर वडिलांच्या स्वकमाईचं. मृत्युपत्र नसेल तर अशा मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखे वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. लग्न कधी झालं याला काडीचंही महत्त्व नाही. म्हणजे घराचा अर्धा भाग बहिणीचा होता आणि मालक पूर्ण घराची अदलाबदल करायला निघाले होते.

मार्चमध्ये संचकार पत्र, म्हणजे इसारपत्र, केलं. मामांनी पन्नास हजार चेकने दिले आणि त्यात स्पष्ट लिहिलं की हक्काचा वाद निघाला तर ही रक्कम परत. वकिलांनी 'तरुण भारत'मध्ये आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस दिली. मालकांना ते लागलं. पाचव्या दिवशी निपाणीहून वकिलांना फोन आला. बहिणीने नोटीस वाचली होती. घर विकायला काढलंय हेच तिला माहीत नव्हतं.

पुढचे दोन महिने व्यवहार थांबला. मामांवर बरंच दडपण आलं, कारण मंडळात बोलणी सुरू झाली की भावाबहिणीत यांनी भांडण लावलं. मामांनी ते सोसलं आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. भांडण नोटिशीने लागलं नव्हतं, ते २०११ च्या वारसाच्या अर्जात लिहून ठेवलेलं होतं. मे अखेरीस भावाने बहिणीला तिच्या वाट्यापोटी रक्कम दिली. किती दिली तो त्यांचा प्रश्न. पण पैसे बँकेतून गेले, हक्कसोडपत्रात लिहिले गेले, आणि ते पत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं गेलं. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या संमतीला मी नाही म्हटलं होतं.

अदलाबदलीत हा धोका खरेदीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने अंगावर येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ११९ वं कलम म्हणतं की समोरच्याच्या सदोष हक्कामुळे तुमच्या हातून मिळालेली मालमत्ता गेली, तर नुकसानभरपाई मागा किंवा आपली मूळ मालमत्ता परत मागा. पण परत मिळते ती समोरच्याकडे, त्याच्या वारसांकडे किंवा फुकट घेणाऱ्याकडे असेपर्यंतच. त्याने ती तिसऱ्याला पैसे घेऊन विकली की तुमचा प्लॉट गेलाच, उरतो फक्त दावा.

मामांच्या प्लॉटचीही उलट तपासणी झाली आणि ती लवकर आटोपली. बिनशेतीचा आदेश, बुडाची मंजुरी, मूळ सर्व्हे नंबर कुळाचा किंवा सरकारने दिलेला नव्हता याची खात्री. हे शेवटचं बघायचं कारण असं की अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय घेतली असेल, तर १९७८ च्या कायद्याने ती मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यासाठीची मुदतीची अट काढली आहे. त्यावर किती हात बदललेत याने फरक पडत नाही.

पावसात बघितलेलं घर

घर पहिल्यांदा बघितलं मार्चमध्ये. रंग ताजा, गच्ची कोरडी. मी मामांना म्हटलं, बेळगावात घर मार्चमध्ये बघू नये. संचकारात तशी मोकळीक ठेवली होती, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात, चार दिवस संततधार लागल्यावर, परत गेलो. वरच्या मागच्या खोलीचा कोपरा ओला, जिन्याच्या भिंतीला हात लावला की रंगाचे पापुद्रे हातात. गवंड्याने वॉटरप्रूफिंग, गिलावा आणि पाइपचं काम मिळून दोन लाखांच्या आसपास सांगितलं. किंमत ४४ ची ४२ झाली ती तिथे, त्या ओल्या भिंतीसमोर उभं राहून.

त्याच दिवशी भाडेकरूंशी बोललो, मालक शेजारी नसताना. खालच्या डाव्या बिऱ्हाडातल्या वैनी म्हणाल्या, "आम्ही भाडं देत नाही की. आम्ही लीजवर आहोत." म्हणजे त्यांनी एकरकमी तीन लाख देऊन घर घेतलेलं. राहायचं तोवर भाडं नाही, सोडताना पूर्ण रक्कम परत. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे आणि तिचा कागद बहुतेक वेळा नोंदवलेला नसतो, त्यामुळे ईसीत काहीच दिसत नाही. अठरा हजार भाड्यातले साडेचार हजार असे अस्तित्वातच नव्हते आणि वर तीन लाखांचं देणं घरासोबत मामांच्या गळ्यात येणार होतं.

मग उत्पन्नाचा हिशेब नव्याने मांडला. चारही बिऱ्हाडं भाड्याने धरली तर वर्षाला २ लाख १६ हजार. कॉलेजच्या मुलांच्या दोन खोल्या सुट्टीत दोन महिने रिकाम्या, म्हणून १८ हजार वजा. घरपट्टी, पाण्याची मोटर, रंग आणि बारीकसारीक दुरुस्तीला ३८ हजार. हातात १ लाख ६० हजार, म्हणजे ४२ लाखांवर चार टक्क्यांना थोडे कमी. मालकांच्या तोंडी हिशेबाने ते पाच टक्क्यांच्या वर होतं. मामांना मी दोन्ही आकडे दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. ते म्हणाले, "सतरा वर्षं प्लॉटनं गवत दिलं. महिन्याला तेरा हजार आले तर औषधपाणी भागतंय." वय सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसासाठी हा विचार मला पटला. पस्तिशीतल्या माणसाला मी तो प्लॉट ठेवायला सांगितला असता.

अदलाबदलीचा खरा फायदा

तो स्टॅम्पमध्ये आहे. कर्नाटकात अदलाबदल पत्रावर दोन मालमत्तांपैकी जास्त किमतीची असेल तिच्यावरच एकदा शुल्क लागतं. शहरात स्टॅम्प पाच टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून ५.६ टक्के. ४२ लाखांवर २ लाख ३५ हजार २००. त्यावेळी नोंदणी फी एक टक्का होती, म्हणजे ४२ हजार. एकूण २ लाख ७७ हजार २००. हेच दोन स्वतंत्र खरेदीपत्रांनी केलं असतं तर ७८ लाखांवर ५ लाख १४ हजार ८०० गेले असते. वेगळं ठरलेलं नसेल तर हा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा असतो. मामांच्या वाट्याला १ लाख ३८ हजार ६०० आले. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी दोन टक्के झाली आहे, तेव्हा आता हिशेब करणाऱ्यांनी ४२ च्या जागी ८४ हजार धरावेत.

दस्त लिहिणाऱ्या बॉण्ड रायटरने सुचवलं की किमती गायडन्स व्हॅल्यूच्याच लिहू, आणखी वाचेल. मी ठाम नको म्हटलं. उद्या हे घर विकताना मामांची खरेदी किंमत कागदावर लिहिलेलीच धरली जाणार. आज स्टॅम्पमध्ये वाचवलेले काही हजार उद्या नफा फुगवून परत जातात, आणि किंमत दडवणं हा गुन्हा आहे ते वेगळंच. मालकांना फरकातले तीन लाख रोख हवे होते. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे त्यांच्या सीएंनी सांगितल्यावर तोही आग्रह सुटला.

त्यांच्या टॅक्सचा प्रश्न वेगळा होता. ते घर देऊन प्लॉट घेत होते, म्हणजे नुसत्या प्लॉटवर त्यांना सवलत नाही. तीन वर्षांत त्यावर घर बांधून पुरं केलं तरच. अदलाबदलीत दोन्ही बाजूंना एकच नियम लागतो असं धरून चालू नये.

कन्नड मसुदा

मसुदा कन्नडमध्ये आला. मामांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. बेळगावातल्या त्यांच्या पिढीच्या कितीतरी मराठी माणसांची हीच स्थिती आहे. आयुष्यातली सगळ्यात मोठी सही ते न वाचता करतात आणि विचारायला संकोचतात. मामांनी संकोच केला नाही. मी पूर्ण मसुद्याचा मराठी तर्जुमा करून घेतला आणि वकिलांच्या ऑफिसात ओळ न् ओळ मोठ्याने वाचला, दोन्ही पक्षांसमोर. परिशिष्टात घराच्या पूर्वेला रस्ता लिहिला होता. रस्ता पश्चिमेला आहे. जुन्या खरेदीपत्रात बरोबर होतं, टाइप करताना उलटलं. नोंदणीनंतर हे सापडलं असतं तर दुरुस्तीपत्रासाठी त्याच माणसांना पुन्हा सब-रजिस्ट्रारसमोर उभं करावं लागलं असतं. ही मागणी करायला वकिलांशी भांडावं लागत नाही. एका संध्याकाळचं काम आहे.

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. दोन्ही मालमत्तांचे ई-खाते (खात्याची ऑनलाइन नोंद) हातात होते, त्याशिवाय आता नोंदणी पुढे सरकत नाही. सहा लाखांपैकी पन्नास हजार मार्चमध्येच गेले होते. तीन लाखांचा डिमांड ड्राफ्ट लीजवरच्या वैनींच्या नावे, त्यांच्याकडून घर रिकामं केल्याची पावती घेऊन. अडीच लाखांचा मालकांच्या नावे. तिन्ही रकमा पत्रात लिहिलेल्या. निपाणीची बहीणही आली होती, तिच्या सहीची आता गरज नव्हती तरी साक्षीदार म्हणून तिने सही केली. बाहेर पडल्यावर मालकांनी तिच्यासाठी रिक्षा थांबवली.

गच्चीचं काम दिवाळीआधी झालं. खालच्या डाव्या बिऱ्हाडात उद्यमबागेतल्या एका टर्नरचं कुटुंब आलंय, अकरा महिन्यांच्या करारावर, दहा तारखेच्या आत भाडं. दोन गोष्टी मामांना पाळायच्या आहेत. ६ ऑगस्ट २०२७ पर्यंत दुसरं घर विकत घ्यायचं नाही आणि ६ ऑगस्ट २०२८ पर्यंत हे विकायचं नाही. यातलं काही मोडलं तर माफ झालेल्या नफ्यावर त्या वर्षी कर बसेल. दोन्ही तारखा त्यांनी भाडेवहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवल्यात, खाली मामींचीही सही घेऊन.